चालणाऱ्या गावाचे बक्षीस

कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांवर जगणाऱ्या यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात स्थूलतेची चर्चा करणे अनेकांना अनाठायी वाटण्याचा संभव आहे. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे २७ लाख ७२ हजार लोकसंख्या असलेल्या या सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात दर पाच माणसांपैकी जवळपास चार माणसे खेड्यांत राहतात, त्यांतील बहुसंख्यांचे पोट शेतीवर किंवा शेतमजुरीवर चालते, आणि झरी जामणी, मारेगाव, केळापूर यांसारख्या तालुक्यांतील कोलाम व गोंड वस्त्यांचा उल्लेख सरकारी कागदांत येतो तो बहुधा कुपोषणाच्या संदर्भात. अशा ठिकाणी अन्न कमी पडण्याचा प्रश्न खरा आणि चरबी वाढण्याचा प्रश्न शहरी चोचल्यांचा, अशी समजूत सहज रूढ होते. आकडे मात्र या समजुतीला आधार देत नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २१ उणे वजनाच्या आणि सुमारे २३ अधिक वजनाच्या आढळल्या, म्हणजे दोन्ही टोके जवळजवळ सारख्याच वजनाने एकाच राज्यात, बऱ्याचदा एकाच गावात आणि कधी कधी एकाच घरात नांदत आहेत. देशपातळीवर पाहिले तर शहरी स्त्रियांत अधिक वजनाचे प्रमाण ३३ टक्क्यांच्या वर असले, तरी ग्रामीण स्त्रियांतही ते जवळजवळ २० टक्के आहे, आणि ग्रामीण लोकसंख्येचा एकूण आकार लक्षात घेता हा वाटा लहान म्हणता येत नाही.

हे प्रमाण ज्या मापाने काढले जाते त्याला शरीर-वस्तुमान निर्देशांक म्हणतात. माणसाचे किलोग्रॅममधील वजन त्याच्या मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो, १८.५च्या खाली तो उणे वजन आणि २५ किंवा त्याहून वर अधिक वजन दाखवतो, असे या सर्वेक्षणात धरले आहे. भारतीय शरीराच्या बाबतीत हे माप अपुरे पडते हे दाखवून देण्याचे मोठे श्रेय पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास त्यांनी चालवला, त्यातून असे दिसून आले की येथील नवजात बालके युरोपीय बालकांच्या मानाने वजनाने बरीच हलकी असतात, पण त्यांच्यातील स्नायू जितके कमी असतात तितकी चरबी कमी नसते. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले होते: दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. याच कारणाने भारतीय वैद्यक आता निर्देशांक २३ झाल्यावरच अधिक वजन आणि २५ झाल्यावर स्थूलता मानते, आणि त्याहून अधिक भर कमरेच्या घेरावर देते, कारण पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी मधुमेह व हृदयविकार यांच्याशी अधिक थेट जोडलेली असते. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा धरली जाते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे आलेला मध्यमवयीन माणूस तराजूवर निर्दोष ठरतो, आणि रक्तातील साखर तपासली की त्याचा दोष उघड होतो.

सार्वजनिक प्रोत्साहनाचा विचार करताना हा मुद्दा आरंभीच पक्का करणे आवश्यक आहे, कारण बक्षीस कशासाठी द्यायचे हे मापावर अवलंबून असते. वजन घटवल्याबद्दल बक्षीस द्यायचे ठरवले, तर ज्या जिल्ह्यात दर पाचातली एखादी बाई आधीच उणे वजनाची असू शकते तेथे उपाशी राहण्यालाच सरकारी मान्यता मिळण्याचा धोका उत्पन्न होतो. शिवाय व्यायामाचा गुण वजनाच्या आकड्यात पूर्णपणे उमटतही नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, रक्तातील साखर सीमेवर पोहोचलेल्या ५३१ व्यक्तींपैकी एका गटाला आहारातील बदल आणि रोज निदान अर्धा तास झपझप चालणे एवढाच उपाय सांगण्यात आला. तीन वर्षांनंतर उपाय न सांगितलेल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झालेला होता, तर चालणाऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले, आणि विशेष म्हणजे हा फरक वजनात लक्षणीय घट न होता पडला. चालणाऱ्या स्नायूंना रक्तातील साखर ओढून घ्यावी लागते आणि इन्सुलिनला त्यांचा प्रतिसाद सुधारतो, हे त्यामागचे कारण आहे. केवळ व्यायामाने किलो फारसे उतरत नाहीत, कारण श्रमानंतर भूक वाढते आणि शरीरही इतर बाबतींत ऊर्जा वाचवू लागते. वजन उतरवायचे तर ताटातील तेल, साखर आणि पिठूळ पदार्थ कमी करावे लागतात. पण पोटाचा घेर, रक्तदाब आणि साखर यांवर हालचालीचा परिणाम होतो, आणि स्थूलतेमुळे जे नुकसान होते त्यातील मोठा भाग नेमका या तिन्ही वाटांनी होतो. म्हणून बक्षीस द्यायचेच असेल तर ते हालचालीला द्यावे, तराजूला नव्हे, हे या प्रकरणातील विवेचनाचे पहिले गृहीतक आहे.

शेतकऱ्याला व्यायामाची गरज काय, हा प्रश्न यवतमाळात हमखास विचारला जातो, आणि एका पिढीपूर्वी तो रास्तही होता. डवरणी, निंदण, पऱ्हाटीची वेचणी, डोक्यावरून आणलेले पाणी आणि पायी गाठलेला बाजार यांनी भरलेल्या दिवसात वेगळ्या व्यायामाला जागाच नव्हती. गेल्या काही दशकांत मात्र या श्रमाचे स्वरूप बदलले आहे. नांगरट आणि पेरणी ट्रॅक्टरने होते, निंदणाची जागा बऱ्याच वावरांत तणनाशकाच्या पंपाने घेतली आहे, सोयाबीनची मळणी यंत्रावर काही तासांत उरकते, आणि वावरापर्यंतचे दोन किलोमीटर दुचाकीवर जातात. जे श्रम उरले तेही वर्षभर समान राहत नाहीत. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणीला हात पुरत नाहीत, तर फेब्रुवारीनंतर, ज्या कोरडवाहू वावरात दुसरे पीक नाही त्या घरातील माणसाला मृगापर्यंत करण्यासारखे काम थोडेच असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक देशव्यापी पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील १४ हजारांहून अधिक प्रौढांच्या हालचालीचा जो हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात ५४ टक्के लोक निष्क्रिय गटात मोडले. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के होते, परंतु खेड्यांतही ते ५० टक्के होते. त्याच पाहणीत फावल्या वेळात आवडीने खेळणारे किंवा व्यायाम करणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी आढळले. पोटासाठी करावे लागणारे श्रम कमी झाले आणि त्यांची जागा घेणारी दुसरी हालचाल समाजात रुजलीच नाही, असा या दोन आकड्यांचा एकत्रित अर्थ होतो. स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. २०२२ या वर्षासाठीच्या जागतिक अंदाजानुसार भारतातील ४२ टक्के पुरुष आणि ५७ टक्के स्त्रिया पुरेशी हालचाल करत नाहीत. आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागणारी हालचाल, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रौढांसाठीचे किमान प्रमाण आहे.

प्रोत्साहन म्हणजे एखादी कृती करणाऱ्याला तिचा नैसर्गिक लाभ मिळण्याची वाट न पाहता समाजाने किंवा शासनाने आधीच दिलेला लाभ. व्यायामाच्या बाबतीत त्याची गरज पडते, कारण येथे कष्ट आजचे आणि फळ दहा-वीस वर्षांनंतरचे असते, शिवाय ते फळ म्हणजे जो आजार झालाच नाही तो असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. महाराष्ट्राला सार्वजनिक प्रोत्साहनाची परंपरा नवी नाही. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने वऱ्हाडातील कित्येक पिढ्यांना आखाडा, मल्लखांब आणि शारीरिक शिक्षणाचे धडे दिले, आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने कबड्डीसारखे देशी खेळ जगापुढे मांडले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांची रीत निराळी होती. त्यांनी सूर्यनमस्कार संस्थानातील शाळांत सक्तीचे केले, स्वतः आयुष्यभर घातले आणि त्यांवर पुस्तक लिहिले. प्रजेतील प्रत्येक मुलाने रोज शरीर हलवावे, त्यासाठी त्याने कुस्ती जिंकण्याची गरज नाही, ही औंधच्या प्रयोगामागील दृष्टी आजही विचार करण्यासारखी आहे. सक्तीचे मात्र असे असते की सक्ती करणारी सत्ता गेली की तिचे ओझेही उतरते, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यानंतर तेथील शिस्त राज्याच्या शिक्षणपद्धतीत उतरली नाही.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने कोल्हापूर आणि औंध या दोन वारशांपैकी कोल्हापूरचा वारसा उचलला. प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण, दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडा स्पर्धांतील यशाबद्दल वाढीव गुण, विजेत्यांना रोख पारितोषिके, ही राज्याची ठळक प्रोत्साहने आहेत, आणि ती खेळाडू घडवण्यासाठी योग्यही आहेत. पण ती सर्व विजयाला दिली जातात. ज्या मुलाला धावायला आवडते पण जो तालुक्यात पहिला येत नाही, त्याच्या धावण्याची दखल या व्यवस्थेत कुठेही घेतली जात नाही, आणि आठवीनंतर ते मूल धावणे सोडते. व्यायामशाळांना आणि क्रीडांगणांना अनुदान देणाऱ्या राज्याच्या योजना, तसेच गावोगाव आमदार निधीतून उभ्या राहिलेल्या मोकळ्या व्यायामशाळा सर्वांसाठी खुल्या आहेत हे खरे, परंतु त्यांत पैसा यंत्रे बसवण्यासाठी दिला जातो. यंत्र बसल्यावर त्यावर किती जण, त्यांत किती स्त्रिया, किती महिने आल्या, याच्याशी अनुदानाचा काही संबंध राहत नाही. २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या फिट इंडिया मोहिमेने शाळांना तारे आणि ध्वज देण्याची पद्धत आणली, पण ती मुख्यतः शाळेने स्वतःच भरलेल्या माहितीवर उभी आहे.

व्यक्तीला थेट पैसे दिले तर ती रोज चालू लागेल काय, या प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत बरेच काटेकोर प्रयोग झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष यवतमाळच्या दृष्टीनेही मोलाचे आहेत. अमेरिकेत गॅरी चारनेस आणि उरी नीझी या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना महिनाभरात आठ वेळा व्यायामशाळेत येण्याबद्दल शंभर डॉलर दिले, तेव्हा २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पैसे बंद झाल्यावरही पुढील काही आठवडे ही मुले येत राहिली, आणि हा गुण आला तो पूर्वी न येणाऱ्या मुलांत. जी आधीपासून नियमित येत होती त्यांच्यात काही वाढ झाली नाही. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या २०१६च्या प्रयोगात अधिक वजनाच्या २८१ कर्मचाऱ्यांना रोज सात हजार पावले चालण्याचे लक्ष्य दिले होते. लक्ष्य गाठल्यावर रोज १.४० डॉलर मिळणाऱ्या गटाने ३५ टक्के दिवशी ते गाठले, पण ज्या गटाच्या नावे महिन्याचे ४२ डॉलर आधीच जमा करून चुकलेल्या प्रत्येक दिवशी १.४० डॉलर कापले जात होते, त्या गटाने ४५ टक्के दिवशी गाठले. काहीही न मिळणाऱ्या गटाने ते ३० टक्के दिवशी गाठले. रक्कम तीच असूनही हातचे जाण्याचे दुःख नवे मिळण्याच्या सुखापेक्षा अधिक टोचते, या मानवी स्वभावाला अर्थशास्त्रात हानिभय म्हणतात.

सिंगापूरचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तेथे २०१५ पासून आरोग्य संवर्धन मंडळ राष्ट्रीय पाऊल-आव्हान चालवते, नागरिकांना पावले मोजणारी पट्टी फुकट देते आणि पावलांच्या गुणांवर खरेदीची कुपने देते; लाखो लोकांनी त्यात भाग घेतला. त्याच देशात आठशे कर्मचाऱ्यांवर केलेल्या वेगळ्या अभ्यासात रोख बक्षिसामुळे सहा महिने चालणे वाढले, आणि बक्षीस थांबल्यावर वर्षअखेर तो लाभ उरला नाही. २०२१ साली नेचर या नियतकालिकात आलेल्या, साठ हजारांहून अधिक व्यायामशाळा-सदस्यांवरील अमेरिकी महाअभ्यासात ५४ वेगवेगळ्या उपायांची एकाच वेळी तुलना झाली, तेव्हा जवळपास निम्म्या उपायांनी उपस्थिती वाढवली, पण उपाय संपल्यानंतर टिकणारा फरक फक्त आठ टक्के उपायांनी पाडला. त्यातील सर्वांत यशस्वी उपाय लक्षात ठेवण्याजोगा आहे: एखादा दिवस चुकल्यानंतर माणूस पुन्हा आला तर त्याला थोडे अधिक गुण द्यायचे. व्यायाम मोडतो तो पहिल्या खंडानंतर, आणि परत येणाऱ्याचे स्वागत करणारी योजना तो खंड लहान ठेवते.

पावले मोजून व्यक्तीला बक्षीस देण्याची ही पद्धत जशीच्या तशी यवतमाळात आणायची म्हटले तर अडचण लगेच समोर येते. २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार देशातील विमा कंपन्या आरोग्य राखणाऱ्या ग्राहकाला गुण आणि हप्त्यात सवलत देऊ शकतात, आणि काही कंपन्या फोनमधील पावलांच्या नोंदीवर ती देतातही. परंतु विकत घेतलेला विमा, चांगला फोन आणि सुरक्षित रस्ता हे तिन्ही ज्याच्याकडे आहेत त्याचीच पावले अशा ठिकाणी मोजली जातात, आणि घाटंजीतील शेतमजूर बाई, जिचा फोन दिवसभर घरात मुलाच्या हाती असतो, ती चालली तरी हिशेबात येत नाही. रोज दहा हजार पावलांचे जे लक्ष्य या योजनांत सर्रास वापरले जाते, त्याचा उगमही १९६५ साली जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावात आहे. २०२२च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार साठीपुढच्या लोकांत आयुर्मानाचा लाभ सहा ते आठ हजार पावलांच्या आसपासच स्थिरावतो. गरिबाच्या आवाक्यातील लक्ष्य ठरवणे हे शास्त्राच्या दृष्टीनेही योग्य ठरते, हा दिलासा लहान नव्हे.

जिल्ह्यात मोजमापाची एक यंत्रणा मात्र घरोघरी पोहोचलेली आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्ती तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा एक तपासणी तक्ता भरते. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्यातील हालचाल १५० मिनिटे आहे की नाही आणि घरातील आजाराचा इतिहास यांना गुण असतात, आणि चारांहून अधिक गुण झालेल्या व्यक्तीला आधी तपासणीसाठी पाठवले जाते. तक्ता भरण्याबद्दल आशेला मोबदला मिळतो. म्हणजे कमरेला फीत लावण्यासाठी सार्वजनिक पैसा आजच खर्च होत आहे, पण दुसऱ्या वर्षी त्याच वस्तीतील अधिक लोक १५० मिनिटांपर्यंत पोहोचले तर ना त्या आशेला काही मिळते, ना त्या वस्तीला. गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगाची सत्रे घेण्याची तरतूद आहे, तिचा हिशेबही घेतलेल्या सत्रांवर होतो. नोंदीचा एवढा कष्टाचा डोलारा उभा असताना त्याचा उपयोग फक्त रुग्ण शोधण्यासाठी व्हावा आणि निरोगी सवयीचे पारडे जड करण्यासाठी होऊ नये, ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी वाया जाणारी संधी आहे.

हालचालीसाठी म्हणून न आखलेले, पण हालचाल घडवून आणणारे एक प्रोत्साहन जिल्ह्याने यापूर्वीच पाहिले आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली, राज्यातील मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात आणि त्याहून लांबच्या मुलींसाठी एस. टी.च्या स्वतंत्र गाड्या धावतात. हेतू शिक्षणाचा आहे, आणि बिहारमध्ये २००६ पासून चाललेल्या अशाच योजनेच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आहे. पण रोज चार-पाच किलोमीटर जाऊन-येऊन सायकल चालवणारी मुलगी वाढीच्या नेमक्या वयात हाडे, स्नायू आणि हृदय यांचा जो व्यायाम करते, तो तिच्या आईला लग्नानंतर कधीच मिळालेला नसतो. आणि त्यासाठी तिला वेगळा वेळ काढावा लागत नाही, व्यायामाला जाते म्हणून कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. सायकलीचे यश या दोन गोष्टींत आहे. ज्या प्रोत्साहनाने माणसाच्या रोजच्या कामातच हालचाल मिसळते ते टिकते, कारण ते बंद करण्यासाठी काम बंद करावे लागते. बारावीनंतर त्या सायकलीचा आणि त्या सवयीचा धागा तुटतो, तेथे महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्यापर्यंत योजना वाढवणे हा अत्यंत स्वाभाविक पुढचा टप्पा आहे.

तरीही व्यक्तीला मिळणाऱ्या लाभाला मर्यादा आहेत, आणि येथे महाराष्ट्राकडे जगाला देण्यासारखे काही आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाने राज्याने २०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात बक्षीस कुटुंबाला नव्हे, गावाला होते. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी तपासणी समित्या येत, आणि समिती येण्याआधी गावातील माणसे स्वतःच्या हातांनी गल्ल्या झाडत, गटारे काढत, उकिरडे हलवत. सरकारने जेवढे बक्षीस दिले त्याच्या कितीतरी पट किमतीचे काम लोकांच्या श्रमातून उभे राहिले. पुढे पाणी फाउंडेशन या संस्थेच्या वॉटर कप स्पर्धेने तेच तत्त्व पाणलोटाच्या कामाला लावले. २०१६ साली वरूडसह तीन तालुक्यांत सुरू झालेल्या या स्पर्धेत २०१७चे ५० लाखांचे पहिले बक्षीस यवतमाळच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील काकडदरा या छोट्या गावाने मिळवले. एप्रिल-मे महिन्यांत, विदर्भाच्या उन्हात, पहाटे आणि रात्री माणसे चर खणत होती. आरोग्याच्या भाषेत हा आठवड्याच्या १५० मिनिटांपेक्षा कितीतरी अधिक, तीव्र श्रमाचा व्यायाम होता, आणि त्यात म्हातारी माणसे, सुना, सरपंच आणि शाळकरी पोरे यांपैकी कोणालाही लाज वाटली नाही, कारण सगळे गाव तेथे होते.

लाजेचा हा मुद्दा दुय्यम नाही. नेर किंवा दिग्रससारख्या गावी चाळिशीची बाई सकाळी बूट घालून फिरायला निघाली तर तिला काम नाही काय, असे विचारले जाते; यवतमाळ शहरात समता मैदानावर, आझाद मैदानावर फिरणाऱ्यांची गर्दी ज्यांना सवड आहे त्यांचीच असते. एकट्या बाईला पावलांमागे काही पैसे देऊन हा अडसर दूर होत नाही, पण वॉर्डातील निम्म्या बायका चालल्याशिवाय वॉर्डाला बक्षीसच नाही असे ठरले, तर तिची सासू आणि तिचा नवरा यांच्या दृष्टीने तिचे चालणे हे गावाचे काम होते. सामूहिक बक्षिसाचे खरे सामर्थ्य रकमेत नाही, परवानगीत आहे.

गाडगेबाबा अभियानाच्या धर्तीवर केंद्राने २००३ मध्ये जाहीर केलेल्या निर्मल ग्राम पुरस्काराचा अनुभव मात्र या आशेसोबत ठेवून वाचायला हवा. पुरस्कार एकदाच मिळत असे, आणि तो मिळाल्यावर अनेक गावांत शौचालयांचा वापर घसरल्याचे नंतरच्या पाहण्यांत आढळले. सिंगापूरच्या कर्मचाऱ्यांचे जे झाले तेच येथे गावांचे झाले. बक्षीस ही घटना असली तर वर्तनही घटनेपुरतेच राहते. म्हणून गावागावांत हालचालीची अशी स्पर्धा घ्यायची तर पहिल्या वर्षी एकूण रकमेचा लहान भाग द्यावा, उरलेला ग्रामपंचायतीच्या नावे जमा करून दाखवावा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच्या तपासणीत हालचाल घटली असेल तर त्यातून कापावा. हानिभयाचे जे तत्त्व कर्मचाऱ्यांवर सिद्ध झाले, ते गावाच्या खात्यावर लावता येण्यासारखे आहे. वेचणीच्या दिवसांत चालणे मोडले आणि फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाले, तर त्या गावाला अधिक गुण द्यावेत. यवतमाळच्या शेतीचे कॅलेंडर पाहता असा खंड दरवर्षी पडणारच, आणि तो दोष मानणारी योजना दुसऱ्याच हंगामात मोडून पडेल.

मोजमापासाठी फोनची सक्ती नको. आशेच्या तक्त्यातील १५० मिनिटांचा रकाना, दर सहा महिन्यांनी घेतलेला कमरेचा घेर आणि तपासणी समितीने न सांगता दिलेली सकाळची भेट एवढे पुरेसे आहे. घेराची नोंद बक्षिसासाठी नसून गावाला स्वतःची दिशा कळावी यासाठी असावी, म्हणजे ती फुगवण्याचा किंवा दडवण्याचा मोह राहणार नाही. आशेला भरलेल्या तक्त्याबरोबरच वस्तीतील सक्रिय लोकांच्या वाढीबद्दलही मोबदला मिळावा, परंतु तो तिच्या आजच्या मोबदल्यातून काढून नव्हे, कारण लोक चालले नाहीत याची शिक्षा गावातील सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त चालणाऱ्या बाईला देणे अन्यायाचे होईल.

बक्षिसाचा पैसा खर्च कशावर व्हावा हेही योजनेतच ठरलेले बरे. जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२च्या दुष्काळात, ज्या रोजगार हमीचा पाया विस्तारला, तिच्यातून घडलेल्या राष्ट्रीय योजनेच्या अनुज्ञेय कामांत खेळाचे मैदान तयार करणे हेही काम होते. गावाने मिळवलेल्या रकमेतून वेगळी यंत्रे घेण्याऐवजी शाळेजवळ सपाट मैदान, त्याभोवती मुरुमाची पायवाट, सावलीला कडुनिंब, पहाटे पाच वाजता लागणारे दिवे आणि बायकांसाठी स्वच्छतागृह एवढे केले तर उन्हाळ्यात ४५ अंशांवर पारा जाणाऱ्या या जिल्ह्यात चालण्याचे तास वाढतात. यवतमाळ शहरात लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव ही एकेकाळची वेगळी गावे आता नगरपरिषदेच्या हद्दीत आहेत; तेथे वॉर्ड हाच गावाच्या जागी धरता येईल, आणि रविवारी सकाळी एखादा रस्ता वाहनांना बंद ठेवण्याचा प्रयोग, जो कोलंबियातील बोगोटा शहराने १९७० च्या दशकापासून शंभराहून अधिक किलोमीटर रस्त्यांवर चालवला आहे, आर्णी रोड किंवा दारव्हा रोडच्या एका तुकड्यावर करून पाहायला नगरपरिषदेला मोठा खर्च नाही. कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, जेथे माणसे आजही रोज मैलोगणती चालतात, ही स्पर्धा नेऊच नये. तेथे सार्वजनिक पैशाचा पहिला हक्क पूरक आहाराचा आणि जवळ आणलेल्या पाण्याचा आहे, आणि त्या वस्त्यांना गुणांकनातून वगळण्याची तरतूद नियमावलीच्या पहिल्याच पानावर असावी.